बरोक ल्यूटचा उजवा हात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्यूट म्हणजे फुगीर पाठीचं, बोटांनी छेडायचं युरोपीय तंतुवाद्य. खालची उत्तरं मुख्यतः 1640 ते 1750 या काळातल्या फ्रेंच आणि जर्मन ल्यूटबद्दल आहेत. त्याआधीची रेनेसाँ ल्यूट आणि थिओर्बो (साथीची, लांब मानेची ल्यूट) यांचा उल्लेख गरजेपुरताच येईल. घोडी, तबली, खुंटी हे शब्द सतारवाल्यांचेच वापरले आहेत. वाद्य वेगळं असलं तरी या भागांचं काम तेच. जाळी म्हणजे तबलीतलं कोरीव नक्षीचं गोल.

बरोक ल्यूट म्हणजे नेमकी कोणती ल्यूट?

17व्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधले ल्यूटवादक तारा वेगवेगळ्या मेळांत लावून बघत होते. पॅरिसच्या पियेर बालारने 1631 आणि 1638 मध्ये अशा 'नव्या मेळां'तल्या रचनांचे संग्रह छापले. त्या गर्दीतून एक मेळ टिकला. वरचे सहा कोर्स एफ, डी, ए, एफ, डी, ए, म्हणजे नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी डी मायनर कॉर्ड वाजते. त्यांच्या खाली एकेक सूर उतरत जाणारे खर्ज. फ्रेंच ल्यूटला 11 कोर्स असत, 18व्या शतकात जर्मनीत ते 13 झाले. कोर्स म्हणजे जोडीने लावलेल्या तारा. पहिले दोन कोर्स मात्र एकेरी असतात, त्यामुळे 11 कोर्सच्या ल्यूटवर 20 तारा आणि 13 कोर्सच्या ल्यूटवर 24. सहाव्या कोर्सपासून खाली प्रत्येक खर्जाच्या शेजारी त्याचीच वरच्या सप्तकातली बारीक तार असते.

उजव्या हाताच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की सातव्या कोर्सपासून खालचे खर्ज जवळजवळ नेहमी मोकळेच वाजतात. डाव्या हाताचं तिथे काही काम नाही, सगळी जबाबदारी एकट्या अंगठ्यावर.

उजवा हात ठेवायचा कुठे? जाळीवर, मध्ये की घोडीजवळ?

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये एक हस्तलिखित आहे. मेरी बरवेल नावाच्या विद्यार्थिनीसाठी 1670 च्या आसपास लिहिलेली ही शिकवणी फ्रेंच पद्धतीची आहे. ती सांगते की हात जाळी आणि घोडी यांच्यामध्ये हवा, पण घोडीच्या जास्त जवळ, आणि करंगळी तबलीला जणू चिकटवलेली. थॉमस मेसने 1676 मध्ये लंडनला आपला मोठा ग्रंथ छापला, त्यात तो करंगळी घोडीच्या अगदी लगत, पहिल्या तारेच्या बाजूला टेकवायला सांगतो. फ्रान्स्वा द त्रॉयने 1690 मध्ये काढलेलं शार्ल मूतोंचं चित्र लूव्रमध्ये आहे. मूतों हा त्या काळातला पॅरिसचा नामवंत वादक. चित्रातही हात घोडीकडे आणि अंगठा लांब पसरलेला आहे.

तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हणून निकाल लागला असं वाटतं, तेवढ्यात चौथा येतो. एर्न्स्ट गॉटलीब बारोन, 1727, न्यूरेम्बर्ग. त्याच्या मते सगळ्यात चांगला आवाज जाळी आणि घोडी यांच्या बरोबर मध्यावर निघतो. बारोन काही ऐकीव लिहिणारा नव्हता, तो स्वतः ल्यूटवादक होता. मधल्या 50 वर्षांत देश बदलला, वाद्याला आणखी दोन कोर्स लागले, संगीतही बदललं. मूतोंचा हात आणि बारोनचा हात यांची सरासरी काढून 'ऐतिहासिक हात' बनवणं मला पटत नाही. गोतिए, मूतों अशा फ्रेंच वादकांच्या रचना वाजवताना हात घोडीकडे न्या, वाइस या 18व्या शतकातल्या जर्मन वादकाच्या रचना वाजवताना थोडा मागे आणा. एक मात्र नक्की: आधुनिक गिटारवादक सवयीने जिथे वाजवतो, म्हणजे जाळीवर किंवा तिच्याही पुढे, ती जागा यांपैकी कुणीच सांगत नाही.

मी हात घोडीजवळ नेला तर आवाज पत्र्यासारखा येतो. पुस्तकं चुकीची आहेत का?

पुस्तकं ठीक आहेत. तारा बघा.

तार घोडीच्या जवळ छेडली की वरचे उपस्वर जास्त जागे होतात आणि आवाज धारदार होतो. मधल्या भागात छेडली की ते कमी होतात, आवाज गोल होतो. आता आतड्याची तार घ्या. तिच्या आतच घर्षण भरपूर असल्याने वरचे उपस्वर लवकर विरतात. खर्जाची जाड तार असेल तर आणखीच लवकर. अशी तार मध्यावर छेडली तर आवाज मऊ येतो, कधी कधी नुसताच मंद. घोडीजवळ गेलं की हरवलेली धार परत मिळते. याउलट नायलॉनवर धातू गुंडाळलेल्या खर्जाच्या तारांत धार मुळातच जास्त असते. ती घोडीजवळ छेडली की तुम्ही म्हणता तो पत्रा वाजतो, आणि वादक आपोआप जाळीकडे सरकतो. त्याला वाटतं आपण जागा कानाने निवडली. खरं तर ती तारेने निवडलेली असते.

दुसरी बाब ताणाची. घोडीजवळ कोणतीही तार बोटाला कडक लागते, कारण तिथे ती कमी वाकते. तार सैल असेल तर तिथेही ती बोटाखाली येते. आज बऱ्याच ल्यूटवर एकेका तारेला तीन-साडेतीन किलोचा ताण असतो. तेवढ्या ताणाच्या तारेवर घोडीपासून चार बोटांवर वाजवून बघा, बोट टिकत नाही.

एक हिशेब इथेच करून टाकू. 70 सेंटिमीटर लांबीची तार, 415 हर्ट्झची पट्टी, पहिली तार साध्या आतड्याची 0.40 मिलिमीटर जाडीची. तेराव्या कोर्सचा खालचा ए तेवढ्याच लांबीवर, तेवढ्याच ताणाने आणि साध्याच आतड्याने मिळवायचा तर तार सुमारे अडीच मिलिमीटर जाड लागेल. जुन्या ल्यूटच्या घोडीतली भोकं एवढी मोठी नसतात. म्हणजे खर्जाच्या तारा बारीक असणार, आणि बारीक असल्या तर एकतर खूपच सैल किंवा कशाने तरी जड केलेल्या. इटलीतल्या व्हिचेंत्साचे तारा बनवणारे मिम्मो पेरुफो यांनी या भोकांचाच पाठपुरावा करून असा तर्क मांडला की आतड्यात धातूची पूड भरत असावेत. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. भोकांचा व्यास मात्र कुणालाही मोजता येतो.

म्हणजे आतड्याच्याच तारा लावायच्या? घरी चालणार नाही.

या तारा मेंढीच्या आतड्याच्या असतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. उत्तर: लावल्याच पाहिजेत असं नाही. आतड्याच्या घनतेच्या आसपास जाणाऱ्या कृत्रिम तारा आता मिळतात, आणि खर्जासाठी धातूची पूड मिसळलेल्या लवचिक कृत्रिम ताराही. त्या लावल्या की हात घोडीकडे सरकू शकतो, आणि मुद्दा तोच आहे. धातू गुंडाळलेले चकचकीत खर्ज ठेवून फक्त हात मूतोंच्या चित्राप्रमाणे ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. त्यापेक्षा आहे त्या तारांवर हात थोडा मागे ठेवा आणि निवांत वाजवा.

गुंडाळलेल्या तारा काही आधुनिक शोध नाहीत, हेही ध्यानात असू द्या. 1660 च्या दशकात त्यांची जाहिरात छापलेली सापडते. ल्यूटवाल्यांनी त्या किती आणि केव्हा घेतल्या यावर वाद आहे.

करंगळी टेकवणं सक्तीचं आहे का?

जवळजवळ. ज्या थोड्या गोष्टींवर सगळे जुने लेखक एका सुरात बोलतात त्यातली ही एक. गिटारवरून आलेल्यांना ती सगळ्यात जास्त खटकते. करंगळी दाबायची नाही, नुसती ठेवायची. दाबली की अनामिका अडकते आणि मनगटापर्यंत ताठरपणा चढतो. अंगठ्याने तेराव्या कोर्सवर झेप घेताना ती उचलली गेली तर काही बिघडत नाही. जुन्या ल्यूटच्या तबलीवर या जागी बोटाच्या घामाने आणि घासण्याने पडलेले डाग कधी कधी दिसतात. ज्यांना लेखी पुरावा पुरत नाही त्यांनी ते बघावेत.

अंगठा आत की बाहेर?

बाहेर. पण हा प्रश्न येतो कुठून ते सांगायला हवं, कारण गोंधळ जुना नाही, 1970 नंतरचा आहे.

15व्या शतकात ल्यूट जव्याने वाजे. जवा टाकून बोटांनी वाजवायला लागल्यावर हाताची ठेवण बरीचशी तीच राहिली: मनगट तारांना जवळजवळ समांतर, अंगठा तळव्याच्या आत, अंगठा-तर्जनी आळीपाळीने, जड-हलकं, जड-हलकं. सहा-सात कोर्सच्या ल्यूटवर ही पद्धत अप्रतिम चालते. पुढे खर्ज वाढत गेले. अंगठ्याला लांब पोचायचं होतं आणि बोटांपासून स्वतंत्र हालचाल करायची होती. तळव्याखाली दडून ते जमत नाही. 1600 च्या आसपास अंगठा बाहेर आला.

कोनिग्सबर्गच्या योहान श्टोबाउसच्या हस्तलिखितात या बदलावर एक परिच्छेद आहे. अंगठा बाहेर ठेवला तर आवाज स्वच्छ, तीक्ष्ण आणि उजळ येतो, आत ठेवला तर मंद आणि कोंदट, असं त्याचं म्हणणं. ज्यांनी पद्धत बदलली त्यांत तो इंग्लिश ल्यूटवादक जॉन डाऊलंडचं नाव घेतो: आधी आत, मग बाहेर. भर कारकिर्दीत हात बदलायला लावणारं कारण तेवढंच सबळ असणार.

20व्या शतकात ल्यूट पुन्हा वाजू लागली ती गिटारच्या हाताने. इंग्लिश गिटारवादक ज्युलियन ब्रीम ल्यूटही नखांनी वाजवत, आणि त्यांच्या ल्यूटवर धातूचे पक्के पडदे होते. 1970 च्या दशकात नव्या पिढीने जुनी पुस्तकं उघडली आणि अंगठा आत ठेवण्याची पद्धत परत आणली. तो शोध इतका आनंदाचा होता की बऱ्याच जणांनी तीच पद्धत बरोक ल्यूटवरही नेली, म्हणजे ज्या वाद्यासाठी ती सोडून दिली गेली होती नेमकं त्याच वाद्यावर. आजही दोन्ही ल्यूट वाजवणारे अनेक व्यावसायिक वादक मधली कुठलीतरी ठेवण वापरतात. पोटापाण्याचा प्रश्न आहे, दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या ठेवणीला ऐतिहासिक म्हणू नये.

नखं वाढवू की कापू?

बरोक ल्यूटच वाजवायची असेल तर कापा. मेस स्पष्ट लिहितो की बोटाच्या मांसल टोकाने तारेतून जो गोड आवाज निघतो तो नखाने निघत नाही. त्याच वाक्यात तो हेही सांगून जातो की काही जण नखांनी वाजवतात आणि तीच पद्धत उत्तम मानतात. म्हणजे नखवाले तेव्हाही होते, आणि थोडेथोडके नसावेत, नाहीतर त्याने दखल कशाला घेतली असती?

दुसऱ्या बाजूला बोलोन्याचा आलेसांद्रो पिच्चिनीनी. 1623 च्या त्याच्या पुस्तकात नखांचं वर्णन इतकं बारकाईचं आहे की सोबत कानस घेऊन वाचावं. अंगठ्याचं नख फार लांब नको. बाकी बोटांची नखं मांसाच्या किंचित पुढे, लांबटगोल आकाराची. बोटाच्या मांसाने तार तबलीकडे दाबायची आणि मग नख तिच्यावरून असं घसरू द्यायचं की जोडीतल्या दोन्ही तारा वाजतील. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. नखाचं टोक एकच तार पकडतं आणि दुसरी सुटते, ही जोडतारांवरची खरी अडचण, आणि पिच्चिनीनीला ती पुरेपूर माहीत होती.

झिल्व्हियुस लेओपोल्ड वाइसचं 1723 चं एक पत्र योहान माथेसॉनने छापलं. त्यात वाइस म्हणतो की थिओर्बो आणि आर्चीलूटो ही वाद्यं सहसा नखांनी वाजवतात आणि जवळून ऐकलं तर त्यांचा आवाज खरखरीत, कठोर लागतो. 'जवळून' या शब्दाकडे लक्ष द्या. ऑपेराच्या वाद्यवृंदात नख उपयोगी, दिवाणखान्यात एकट्याच्या ल्यूटला नाही. तेव्हा थिओर्बोवर साथ करणाऱ्याने नखं ठेवली तर इतिहास त्याच्या बाजूने आहे. क्लासिकल गिटार आणि बरोक ल्यूट दोन्ही एकाच हाताने वाजवायची असतील तर कुठेतरी तडजोड होणार. नखं शक्य तितकी आखूड ठेवा.

टॅब्लेचरमध्ये, म्हणजे कोणती तार कोणत्या पडद्यावर दाबायची हे दाखवणाऱ्या ल्यूटच्या लिपीत, अक्षरांखाली ठिपके आणि रेघा असतात. त्या मानायच्याच का?

या खुणा म्हणजे उजव्या हाताबद्दलचा सगळ्यात थेट पुरावा आहे. मला तर त्या चित्रांपेक्षाही जास्त विश्वासार्ह वाटतात, कारण चित्रकाराला चित्र छान दिसायला हवं होतं, खुणा करणाऱ्याला तुकडा वाजायला हवा होता.

फ्रेंच पद्धतीत सहा रेघांवर अक्षरं असतात: ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा, आणि असंच पुढे. सातव्या कोर्सपासून ए अक्षर रेघांच्या खाली जातं: सातव्याला नुसतं, आठव्याला आधी एक तिरकी रेघ, नवव्याला दोन, दहाव्याला तीन. अकरावा, बारावा, तेरावा आकड्यांनी दाखवतात: 4, 5, 6. अक्षराखाली एक ठिपका म्हणजे तर्जनी, दोन ठिपके म्हणजे मधलं बोट, छोटी उभी रेघ म्हणजे अंगठा. कॉर्डमधल्या अक्षरांच्या मध्ये तिरकी रेघ असेल तर सूर एकदम न वाजवता एकामागून एक सोडायचे.

आता एखादा फ्रेंच आलमांद (नाचाचा एक प्रकार) घ्या आणि या खुणा जशाच्या तशा पाळून वाजवा. गिटारवाल्याला पहिला धक्का हा बसतो की उभी रेघ तिसऱ्या कोर्सखाली, कधी दुसऱ्या कोर्सखालीही दिसते, म्हणजे अंगठा खर्ज सोडून वर चढतो. दुसरा धक्का: एकच तर्जनी लागोपाठ दोन सुरांना येते, आळीपाळी नाहीच. काही कॉर्डमध्ये खर्ज अंगठा घेतो आणि बाकीच्या तारांवरून एकटी तर्जनी सरकत जाते. हे सगळं आधी गैरसोयीचं वाटतं. जरा मुरलं की कळतं, जड सूर जड का येतोय आणि हलका हलका का. तो झोका लिहिणाऱ्याने बोटांतच बांधून ठेवला आहे. त्याच ओळीला तर्जनी-मध्यमा अशी सरळ आळीपाळी लावली तर सूर सगळे बरोबर येतात आणि नाच निघून जातो.

खुणा नसतील तिथे स्वातंत्र्य आहे. असतील तिथे आधी पाळून बघा, मग बदला.

अनामिका वापरायची का?

फ्रेंच संगीतात क्वचितच, मुख्यतः भरगच्च कॉर्डसाठी. वाइस, हागेन, कोहाउट या 18व्या शतकातल्या वादकांच्या काळापर्यंत तिचं काम वाढलेलं दिसतं.

खर्जाचे सूर दाबून थांबवायचे की घुमू द्यायचे?

हाही तारांचाच प्रश्न आहे. आतड्याचा खर्ज स्वतःच लवकर विरतो, त्यामुळे पुढच्या सुराशी त्याचा फारसा झगडा होत नाही. गुंडाळलेला खर्ज घुमतच राहतो, आणि सात मोकळे खर्ज एकदम घुमू लागले की संगीताचा चिखल होतो. तुमच्या ल्यूटवर तसे खर्ज असतील तर अंगठ्याने थांबवायची सवय लावून घ्या, विशेषतः सूर एकेक पायरी उतरताना. अंगठा एक कोर्स वाजवून शेजारच्या कोर्सवर विसावतो ही जुनीच रीत आहे, आणि थोडं थांबवण्याचं काम ती आपोआप करते.

बाखच्या ल्यूट रचना वाजवणं तरी अस्सल ना?

सावकाश. बीडब्ल्यूव्ही (जर्मन संगीतकार बाखच्या रचनांची क्रमवार यादी) 995 ल्यूटसाठी आहे, बाखच्या हस्ताक्षरातली प्रत उपलब्ध आहे, पण त्यात 13 कोर्सच्या ल्यूटलाही न मिळणारा खालचा जी आहे. 998 च्या मथळ्यात 'ल्यूट किंवा चेंबालो' (हार्प्सिकॉर्ड) असा पर्याय आहे. 996 च्या एका जुन्या प्रतीवर 'लाउटेनव्हेर्क' लिहिलं आहे, म्हणजे आतड्याच्या तारांचं कळफलक असलेलं वाद्य. बाखच्या मृत्यूनंतर केलेल्या यादीत अशी दोन वाद्यं होती. वाजवा जरूर, पण उजव्या हाताची शिस्त शिकायला वाइस जास्त उपयोगी. तो स्वतः ल्यूटवादक होता, त्याच्या बोटांना काय जमतं ते त्याला ठाऊक होतं.

एवढं करूनही 'अस्सल' वाजलं हे कळणार कसं?

कळणार नाही. त्या काळचा आवाज कुणी ऐकलेला नाही. रिचर्ड टारस्किन या अमेरिकन अभ्यासकाने 1980 च्या दशकात हाच घाव घातला होता: ज्याला आपण ऐतिहासिक वादन म्हणतो ती विसाव्या शतकाचीच आवडनिवड आहे. स्वच्छ, हलकं, वेगवान. त्याचं बरंचसं खरं आहे. माझा आक्षेप एवढाच की तारेची जाडी, भोकाचा व्यास, अक्षराखालचा ठिपका या आवडीनिवडीच्या गोष्टी नाहीत. त्यांच्याशी जुळवून घेतलं की हाताला काही वेगळं सुचतं, जे आपल्या मनात आधी नव्हतं. मला 'अस्सल'पणाचा उपयोग तिथेच दिसतो. श्रोत्यांना प्रमाणपत्र दाखवण्यासाठी तो वापरायचा असेल तर सोडून द्या.

ऐकायचं कुणाला?

रॉबर्ट बार्टो यांनी नॅक्सॉससाठी वाइसच्या सोनाटांचे 11 खंड ध्वनिमुद्रित केले आहेत, ओघ समजायला ते उत्तम. हॉपकिन्सन स्मिथ यांचं फ्रेंच संगीत ऐका. सैल आतड्याच्या तारांवर घोडीजवळचा हात कसा वाजतो हे ऐकायचं असेल तर तोयोहिको सातो. पहिल्यांदा ऐकताना आवाज लहान वाटेल. मोठा करू नका, खोली शांत करा.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ल्यूट आणि तारा टिकतात का?

आतड्याची तार दमट हवेत फुगते, सूर सोडते, उसवते आणि तुटते. पहिली तार तर तशीही तुटण्याच्या सीमेजवळ ताणलेली असते. जून ते सप्टेंबर निदान वरच्या तारा कृत्रिम लावा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी बदला.

ओल ही इंग्लंडचीही तक्रार होती. मेसचा सल्ला असा की दिवसा ल्यूट रोजच्या वापरातल्या अंथरुणात, ब्लँकेट आणि वरची जाड चादर यांच्यामध्ये ठेवावी. आतल्या चादरींत नको, त्या घामाने ओलसर असतात. पुढे तो बजावतो की ल्यूट आत असताना कुणी बेफिकीरपणे त्या अंथरुणावर अंग टाकू नये, कारण अशा प्रकाराने चांगल्या चांगल्या ल्यूट गेलेल्या त्याने पाहिल्या आहेत. घरात लहान मुलं असतील तर सिलिका जेलच बरं.